छपाईच्या वेळी ब्राउझर गोठतो तेव्हा

प्राथमिक शाळांच्या दप्तरी कामाचा बराच भाग आता संगणकाच्या पडद्यावर होतो. परंतु तो पडद्यावर संपत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेची प्रवेशपत्रे शाळेच्या लॉगिनमधून उतरवून घ्यावयाची असली तरी मुलांच्या हाती ती कागदावरच द्यावी लागतात. यू-डायस प्लसवर भरलेल्या माहितीची प्रत पडताळणीसाठी काढावी लागते. शासन निर्णय वाचून दप्तरी लावावे लागतात. अशा वेळी शिक्षक छपाईची आज्ञा देतो आणि ब्राउझर, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, एज यांसारखा संकेतस्थळे दाखविणारा कार्यक्रम, जागच्या जागी खिळून बसतो. पान वरखाली सरकत नाही, खिडकी मिटत नाही, वरच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' ही अक्षरे उमटतात. परीक्षा दोन दिवसांवर आलेली असते, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, आणि पलीकडच्या खोलीत वर्ग मॉनिटरच्या स्वाधीन केलेला असतो. दोन शिक्षकी शाळेत संगणकापुढे गेलेला एक तास म्हणजे निम्म्या शाळेचा बुडालेला एक तास होय. म्हणून या विषयाचा थोडा शांतपणे विचार करणे अवश्य आहे.

घाईत माणूस जे करतो त्याने अडचण वाढते. छपाईचे बटन पुन्हा पुन्हा दाबले जाते. मग संगणक भानावर आला की त्याच पानाच्या पाच प्रती बाहेर पडतात. कोणी संगणकाची कळच बंद करतो. त्याबरोबर अर्धा भरलेला अर्जही जातो. कोणी ब्राउझर काढून टाकून पुन्हा बसवितो, आणि दोष प्रिंटरकडे असल्यामुळे तासाभराने पुन्हा तेथेच येऊन ठेपतो.

वस्तुतः शिक्षकाला या कामाची पद्धत नवी नाही. एखाद्या मुलाचे वजाबाकीचे उत्तर चुकले, तर आपण त्याला सगळे गणित पहिल्यापासून शिकवीत नाही. हातच्याचे उदाहरण देऊन पाहतो, बिनहातच्याचे देऊन पाहतो, आणि चूक कोणत्या पायरीवर होते ते शोधतो. नैदानिक चाचणी म्हणतात ती हीच. गोठलेल्या ब्राउझरलाही हीच चाचणी लावावयाची आहे, आणि त्यासाठी कागद छापून निघेपर्यंतच्या पायऱ्या प्रथम माहीत हव्यात.

संकेतस्थळाचे पान हे मुळात कागदाचे पान नव्हे. ते पडद्याच्या रुंदीप्रमाणे आखडते अथवा पसरते, आणि खाली वाटेल तेवढे लांबत जाते. छपाईची आज्ञा मिळताच ब्राउझर ते सगळे पान ए-४ कागदाच्या मापाने नव्याने मांडतो. कोष्टक कोठे तोडावयाचे, चित्र कोणत्या पानावर घ्यावयाचे, हे ठरवितो. त्याच सुमारास तो संगणकाच्या मूळ प्रणालीकडे, आपल्याकडे बहुधा विंडोजकडे, चौकशी करतो: कोणकोणते प्रिंटर नोंदलेले आहेत, निवडलेल्या प्रिंटरला कोणत्या मापाचा कागद चालतो, दोन्ही बाजूंनी छापता येते काय. उत्तर आले की आपल्याला पूर्वदृश्य दिसते. मग आपण 'प्रिंट' दाबल्यावर काम 'स्पूलर' नावाच्या व्यवस्थेकडे जाते. ही व्यवस्था पंचायत समितीच्या आवक-जावक लिपिकासारखी आहे. आलेली कामे ती रांगेत लावते आणि क्रमाने पुढे पाठविते. तेथून 'ड्रायव्हर' हा दुभाषा ते काम त्या विशिष्ट प्रिंटरच्या भाषेत मांडण्यास साहाय्य करतो, आणि अखेरीस ते तारेतून अथवा वाय-फायमधून प्रिंटरकडे पोहोचते. यांपैकी कोणतीही एक पायरी अडली तरी आपल्याला दिसतो तो समोरचा ब्राउझरच. त्यामुळे दोष त्याच्या माथी मारला जातो.

पहिली गोष्ट ही की, ब्राउझर गोठला असे वाटल्यावर घड्याळ पाहून दोन मिनिटे हात आवरावेत. या अवधीत केवळ एक करावे: 'आल्ट' हे बटन दाबून धरून 'टॅब' दाबावे आणि मागे एखादी लहान खिडकी दडलेली नाही ना, ते पाहावे. पुष्कळदा ब्राउझर गोठलेला नसतो, तर तो आपल्या उत्तराची वाट पाहत असतो. पान स्वतःहून छपाईची खिडकी उघडते तेव्हा ती खिडकी मिटेपर्यंत त्या पानाचे सर्व व्यवहार थांबतात; हा त्या आज्ञेचा स्वभावच आहे. ती खिडकी दुसऱ्या खिडकीमागे गेली की पान मेल्यासारखे दिसते. असाच प्रकार 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडलेले असताना होतो. हा खरा प्रिंटर नव्हे. कागदाऐवजी तो फाइल तयार करतो आणि तिला नाव काय द्यावे, असे विचारतो. ते विचारणे मागे दडून राहिले, तर आपण इकडे कागदाची वाट पाहत बसतो आणि संगणक तिकडे नावाची. खिडकी सापडली तर उत्तर द्यावे. काम नको असेल तर 'एस्केप' दाबावे.

दोन मिनिटांनीही हालचाल नसेल तर 'कंट्रोल', 'शिफ्ट' व 'एस्केप' ही तीन बटने एकदम दाबून 'टास्क मॅनेजर' उघडावा आणि त्यातून केवळ ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करावे. सबंध संगणक बंद करण्याचे कारण नाही. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर पूर्वीची पाने बहुधा परत आणता येतात; परंतु त्यांत टंकलेला मजकूर परत येईलच असे नाही. यास्तव ज्या अर्जाची छपाई करावयाची तो आधी 'सेव्ह' करावा, मगच छपाईकडे वळावे. हा नियम मी केंद्रातील प्रत्येक बैठकीत सांगतो आणि तो सांगण्याचा मला कंटाळा येत नाही.

आता खरी चाचणी. 'कंट्रोल' व 'पी' ही बटने दाबल्यावर जी खिडकी उघडते तीत 'डेस्टिनेशन' असे लिहिलेले असते. तेथे आपल्या प्रिंटरऐवजी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडावे आणि फाइल तयार होते काय, ते पाहावे. झाली तर पानाची मांडणी ठीक आहे, दोष प्रिंटरच्या बाजूला आहे. फाइल तयार होतानाही ब्राउझर गोठला तर दोष पानाच्या अथवा ब्राउझरच्या बाजूला आहे. एवढ्या एका प्रयोगाने निम्मा प्रदेश शोधातून वगळला जातो. शिवाय तातडीचे काम असेल तर ती पीडीएफ फाइल हाती राहते, आणि ती दुसऱ्या कोणत्याही संगणकावरून छापता येते.

कधी कधी पूर्वदृश्याची खिडकी उघडतानाच सर्व थांबते आणि 'डेस्टिनेशन' बदलण्याची संधीच मिळत नाही. तेव्हा ब्राउझर बंद करून विंडोजच्या 'सेटिंग्ज'मधील 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' या भागात जावे आणि 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' यास 'डिफॉल्ट', म्हणजे नेहमीचा प्रिंटर, करावे. मग ब्राउझर उघडून पुन्हा प्रयत्न करावा. आता खिडकी झटकन उघडली, तर समजावे की पूर्वीचा नेहमीचा प्रिंटर उत्तर देत नव्हता आणि ब्राउझर त्याच्या उत्तरासाठी ताटकळला होता.

याच्या जोडीला आणखी एक सोपी परीक्षा आहे. 'नोटपॅड' उघडून त्यात एक ओळ टंकावी आणि ती छापावी. तीही निघाली नाही, तर ब्राउझरचा काही संबंध नाही, हे निश्चित झाले.

प्रिंटरच्या बाजूचे दोष

खेड्यातील शाळांत आढळणारा सर्वांत सामान्य दोष म्हणजे मृत नोंदी. एका शाळेत मी 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'ची यादी उघडून पाहिली, तेव्हा टेबलावर प्रिंटर एक होता आणि यादीत नावे चार. एक नाव पूर्वी बिघडून गेलेल्या यंत्राचे. एक नाव तो लॅपटॉप प्रशिक्षणास नेला होता तेथील वाय-फायवरच्या प्रिंटरचे. उरलेली दोन टेबलावरच्याच प्रिंटरची. त्यांपैकी एकापुढे 'कॉपी १' असे लिहिलेले. हे दुसरे नाव कसे येते, ते समजून घेण्याजोगे आहे. प्रिंटरची यूएसबी तार संगणकाच्या एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घातली, की विंडोज पुष्कळदा त्याला नवा प्रिंटर समजून नवी नोंद करते. जुनी नोंद तशीच राहते आणि नेहमीचा प्रिंटर म्हणून तिचाच मान कायम असतो. शाळा झाडताना तार निघाली, कोणीतरी ती सापडेल त्या खाचेत घातली, एवढेच घडलेले असते. परंतु छपाईचे काम त्या दिवसापासून रिकाम्या खाचेकडे जाऊ लागते. उपाय दोन: तार नेहमी एकाच खाचेत घालावी आणि त्या खाचेजवळ रंगाची खूण करावी, आणि जी नावे आता नाहीत त्या यंत्रांची आहेत, ती यादीतून 'रिमूव्ह' करावीत. ज्याच्याविषयी शंका असेल ते नाव मात्र घाईने काढू नये. प्रिंटर चालू असताना जे नाव निवडून चाचणीचे पान निघते ते खरे.

त्याच ठिकाणी 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' अशी एक कळ असते. ती चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर नेहमीचा ठरतो. लॅपटॉप जो शाळेतून केंद्रात आणि केंद्रातून घरी फिरतो, त्याच्यासाठी ही सोय घातक आहे. ती बंद करून प्रिंटर आपणच ठरवावा हे बरे.

दुसरा दोष रांगेचा. एखादे काम स्पूलरमध्ये अर्धवट अडकते. ते रद्द करू गेले तर 'डिलीटिंग' अशी अक्षरे दिसतात आणि ती तासन्‌तास तशीच राहतात. त्याच्या मागची सर्व कामे खोळंबतात. प्रथम प्रिंटर बंद करून, तार काढून, संगणक रीतसर 'रीस्टार्ट' करावा. तेवढ्याने भागले नाही तर रांग हाताने रिकामी करावी लागते. तिची कृती अशी. 'स्टार्ट'वर टिचकी मारून इंग्रजीत 'सर्व्हिसेस' हा शब्द टंकावा व तो कार्यक्रम उघडावा. यादीत 'प्रिंट स्पूलर' शोधून त्यावर उजवी टिचकी मारून 'स्टॉप' म्हणावे. मग 'सी' ड्राइव्हमधील 'विंडोज', त्यातील 'सिस्टम ३२', त्यातील 'स्पूल' आणि त्यातील 'प्रिंटर्स' या फोल्डरात जावे. तेथे ज्या फाइली असतील त्या पुसाव्यात. फोल्डर स्वतः पुसू नये, आणि आजूबाजूच्या कशालाही हात लावू नये. शेवटी 'प्रिंट स्पूलर' पुन्हा 'स्टार्ट' करावे. या कृतीस संगणकाच्या व्यवस्थापकाचा, म्हणजे 'ॲडमिनिस्ट्रेटर'चा, अधिकार लागतो. आणि रांगेतील सर्वच कामे नष्ट होतात, ती नंतर पुन्हा द्यावी लागतात.

क्वचित याच्या उलट आढळते, म्हणजे स्पूलर बंदच असतो. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या याच व्यवस्थेत 'प्रिंट नाइटमेअर' या नावाने गाजलेला सुरक्षेचा मोठा दोष उघडकीस आला. तात्पुरता उपाय म्हणून स्पूलर बंद ठेवण्याचा सल्ला तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच दिला होता. पुढे दुरुस्त्या आल्या. परंतु एकदा बंद केलेला स्पूलर कोणी मुद्दाम चालू केल्याशिवाय चालू होत नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून ड्रायव्हर बसविण्यासही व्यवस्थापकाचा अधिकार लागू लागला. म्हणून संगणक बसवून देणाऱ्याकडून हा परवलीचा शब्द शाळेने लेखी घेऊन मुख्याध्यापकांच्या ताब्यात ठेवावा. तो नसल्यामुळे दहा मिनिटांचे काम आठ दिवस लांबलेले मी पाहिले आहे.

ड्रायव्हरविषयी थोडेच सांगावयाचे आहे. तो प्रिंटर बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. शोधयंत्रात प्रिंटरचे नाव घातल्यावर 'मोफत ड्रायव्हर' देऊ करणारी जी भलतीच स्थळे वर येतात, त्यांच्या वाटेस जाऊ नये.

पानाच्या बाजूचे दोष

पीडीएफ तयार करतानाच ब्राउझर थांबत असेल, तर प्रथम कामाचा आकार पाहावा. शासन निर्णयाच्या कित्येक प्रती कागदाची छायाचित्रे जोडून तयार केलेल्या असतात. दिसावयास ते मजकुराचे पान, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते मोठे चित्र. अशी शंभर पाने ब्राउझरमध्येच उघडून छपाईस दिली, तर कमी स्मृती असलेला संगणक त्या ओझ्याने दमतो. फायरफॉक्स आपल्या अंगच्या पीडीएफ-दर्शकातून छापताना प्रत्येक पान आधी तयार करून घेतो आणि त्याचा शेकडा किती भाग झाला ते दाखवितो. तो आकडा हळूहळू का होईना वाढत असेल तर यंत्र गोठलेले नाही, काम करीत आहे. अशी फाइल आधी संगणकात उतरवून घ्यावी, ब्राउझरची इतर पाने मिटावीत, आणि 'पेजेस' या जागी १ ते १० असे लिहून दहा-दहा पानांचे हप्ते छापावेत. सबंध निर्णय छापण्याची गरज आहे काय, हाही प्रश्न विचारावा. पुष्कळदा परिशिष्टातील दोन पानेच हवी असतात.

मराठी मजकुराच्या काही पीडीएफ फाइलींची अक्षरे कागदावर तुटकी उमटतात. त्यावर 'प्रिंट ॲज इमेज' हा पर्याय क्रोममध्ये उपयोगी पडतो. परंतु त्याने प्रत्येक पानाचे चित्र होते व काम जड होते. अक्षरे ठीक येत असतील तर तो बंदच ठेवावा. एकदा गरजेपुरता चालू केला आणि तसाच राहून गेला, हे गोठण्याचे एक न सुचणारे कारण आहे.

पान लहान असूनही गोठत असेल तर ब्राउझरला जोडलेल्या 'एक्स्टेन्शन'वर संशय घ्यावा. क्रोममध्ये 'कंट्रोल', 'शिफ्ट' व 'एन' दाबून खाजगी खिडकी उघडते. तीत ही जोडकामे सहसा बंद असतात. फायरफॉक्समध्ये मदतीच्या यादीत 'ट्रबलशूट मोड' आहे. तेथे छपाई सुरळीत झाली तर जोडकामे एकेक करून बंद करीत जावे व प्रत्येक वेळी पाहावे. एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले आणि काम झाले, तर कशाने झाले ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

फायरफॉक्सची आणखी एक विशेष गोष्ट आहे. प्रत्येक प्रिंटरसाठी पूर्वी निवडलेले कागदाचे माप, समास इत्यादी तो लक्षात ठेवतो. ही जुनी आठवण बिघडली, तर मदतीच्या यादीतील 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' या पानावर छपाईची साठविलेली मांडणी पुसण्याचे बटन आहे, ते दाबावे. क्रोममध्ये पूर्वदृश्यच अडत असेल तर 'कंट्रोल', 'शिफ्ट' व 'पी' दाबून विंडोजची स्वतःची छपाईची खिडकी उघडता येते, आणि पूर्वदृश्याची पायरी टळते.

जुन्या संगणकांविषयी स्पष्ट बोलणे बरे. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही जानेवारी २०२३ मधील आहे. विंडोज १० चे नियमित साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. असे यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. परंतु नवीन ब्राउझर गृहीत धरून बांधलेली संकेतस्थळे त्यावर अडखळतात, आणि वर सांगितलेले सर्व करूनही तो अडखळ जात नाही. अशा शाळेने छपाईपुरता दुसरा संगणक पाहावा. त्याच यंत्रावर आठवडे घालवू नयेत.

फाइल गावाबाहेर जाते तेव्हा

छपाई शाळेत झाली नाही, की शिक्षक पीडीएफ फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन बाजाराच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात अथवा सेवा केंद्रात जातो. त्यात गैर काही नाही. परंतु त्या फाइलीत मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी क्रमांक, कधी आधार क्रमांकही असतात. दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर ती पाठविली, तर त्याच्या फोनात ती कायमची राहिली असे समजावे. शक्यतो पेन ड्राइव्हवरूनच फाइल उघडावी व छापावी. दुकानाच्या संगणकावर उतरवावी लागली तर 'डाउनलोड्स'मधून पुसावी आणि 'रीसायकल बिन'ही रिकामे करावे. शाळेचे लॉगिन दुकानात उघडू नये. उघडावेच लागले तर खाजगी खिडकीत उघडावे, 'लॉगआउट' करावे, आणि शाळेत परतल्यावर परवलीचा शब्द बदलावा. बिघडलेली छापील पाने दुकानातील टोपलीत टाकू नयेत; मोजून परत आणावीत. पालकांनी मुलांची माहिती शाळेवर विश्वासून दिलेली आहे, आणि प्रिंटर बिघडला म्हणून ती जबाबदारी आपल्यावरून उतरत नाही.

सर्व उपाय थकले तर तंत्रज्ञास बोलवावे लागेलच. त्यास "संगणक हँग होतो" एवढेच सांगितल्याने त्याला काहीच कळत नाही. शाळेच्या साहित्य-नोंदवहीत एक पान यासाठी राखावे आणि तेथे लिहावे: कोणता ब्राउझर व त्याची आवृत्ती, प्रिंटरचे नाव, पीडीएफ तयार होते की नाही, नोटपॅडची ओळ निघते की नाही, अडचण कोणत्या तारखेपासून, आणि त्या सुमारास तार, प्रिंटर अथवा वाय-फाय यांत काय बदल झाला. एवढे दूरध्वनीवरून वाचून दाखविता आले, तर पुष्कळदा त्याला तालुक्याहून यावे लागत नाही. आणि यावे लागलेच, तर येताना कोणती तार व कोणता ड्रायव्हर बरोबर आणावयाचा, हे त्याला ठाऊक असते.